रंकाळ्यातला बुडबुडा आणि समुद्राखालचा वायू

उन्हाळ्यात कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याच्या काठाला, जिथे जलपर्णी कुजून तळाशी बसलेली असते, तिथे थोडा वेळ थांबून पाहा. पाण्यातून बुडबुडे येत राहतात. काठीनं तळचा गाळ ढवळला तर भसाभसा वर येतात. त्यात मिथेन असतो. अलेस्सांद्रो व्होल्टानं १७७६ साली इटलीत मॅजोरे सरोवराच्या काठी असाच गाळ ढवळून वायू धरला आणि पेटवून दाखवला होता.

हा मिथेन आर्किया नावाचे सूक्ष्मजीव तयार करतात. गोबरगॅसच्या टाकीतही तेच राबतात. त्यांना ऑक्सिजन सोसत नाही. गाळात त्यांची पाळी सगळ्यात शेवटी येते, इतर जिवाणूंनी आधी ऑक्सिजन आणि मग सल्फेट वापरून संपवल्यावर. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, म्हणून तिथे मिथेन बहुधा गाळात खोल गेल्यावरच भेटतो. गोड्या पाण्यात ते थोडंच, त्यामुळे तळ्यात गाळाच्या अगदी वरच्या थरांतच आर्कियाचं काम सुरू होतं.

वसईच्या समुद्राखालून निघणारा वायूही मुख्यतः मिथेनच, पण त्याचा जन्म निराळा. त्याच समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रात १९७४ मध्ये तेल लागलं. त्या भागातल्या तेल-वायूचं मूळ मुख्यतः पन्ना या थरातल्या, चिखलापासून बनलेल्या खडकात मानतात. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो गाळच होता. मेलेल्या जीवांचा बहुतेक भाग कुजून संपतो, उरतो तो जेमतेम एखादा टक्का. तो गाळाखाली दबून केरोजेन होतो, कशातच न विरघळणारा काळपट पदार्थ.

पुढचं समजायला आपलं गुऱ्हाळ बरं. काहिलीत रस तोच, पण ताव किती दिला त्यावर काकवी उतरते की गूळ, हे ठरतं. तसंच केरोजेनचं. गाळ खाली जाईल तसा दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापतो. ६० ते १२० अंशांच्या आसपास केरोजेनमधून तेल सुटतं. १५० अंशांच्या पुढे तेलाचेही तुकडे पडतात आणि वायूच राहतो. गुळव्याचं काम काही तासांत उरकतं, इथे लाखो वर्षं लागतात. केरोजेन लाकूड-पाल्याचा असेल तर तेल कमी, वायू जास्त. तेल जिवंत गोष्टींतूनच आलं याचा मला सगळ्यात देखणा वाटणारा पुरावा आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३० च्या दशकात दिला: पानांतल्या हरितद्रव्याचे अवशेष त्यांना खनिज तेलात सापडले.

दोन्ही मिथेन वासाला, रंगाला सारखेच, म्हणजे दोन्ही नसलेले. फरक कार्बनमध्ये आहे. कार्बनचे सुमारे १.१ टक्के अणू जरा जड असतात, कार्बन-१३. सूक्ष्मजीव हलका कार्बन अधिक उचलतात, म्हणून तळ्यातल्या मिथेनमध्ये जड कार्बन बराच कमी भरतो. उष्णतेनं झालेल्या मिथेनमध्ये तो जास्त असतो, शिवाय सोबत बहुधा इथेन, प्रोपेनही येतात. प्रयोगशाळेत एवढ्यावरून वायूचा जन्म कळू शकतो.

मग आपल्या पायाखाली असा वायू असेल का, हा प्रश्न कोल्हापुरात कुणालाही पडेल. शेजारच्या कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विंधन झालं. काळा पाषाण सुमारे एक किलोमीटर जाडीचा निघाला आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना कठीण खडक. मध्ये गाळाचा थरच नाही. शिजायला रसच नाही, तर काहील कितीही तापू दे.