वटवाघूळ-पेटी

परसात उंचावर लावायची, खालून उघडी असलेली लाकडाची चपटी पेटी. किडे खाणाऱ्या बारक्या वटवाघळांना, म्हणजे कोकणात ज्यांना पाकोळ्या म्हणतात त्यांना, दिवसा लपायला ती करतात. आंब्या-चिकूवर येणारी मोठी वटवाघळं झाडाला नाहीतर गुहेत लटकतात, पेटीत शिरत नाहीत, तेव्हा बागायतदारांनी बिनधास्त लावावी.

सुरुवातीबद्दल एकमत नाही. बहुतेक जण टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या डॉ. चार्ल्स कॅम्पबेल यांचं नाव घेतात, त्यांनी 1911 च्या सुमारास मिचेल तलावाजवळ वटवाघळांसाठी लाकडी मनोरा उभारला आणि वटवाघळं डास खाऊन मलेरिया हटवतात असं मांडलं. पण युरोपातल्या जंगलांतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लहान पेट्या लागत होत्या आणि आजची पेटी त्यांच्याच जास्त जवळची वाटते. फ्लोरिडात शुगरलोफ की बेटावर 1929 मध्ये कॅम्पबेलच्याच आराखड्यावर मनोरा बांधला, तिथे वटवाघळं राहिलीच नाहीत. एक वटवाघूळ तासाला 600 डास खातं, हा सगळीकडे फिरणारा आकडा ग्रिफिन हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1960 च्या प्रयोगातून आलाय, पण तो बंद खोलीतल्या काही मिनिटांच्या शिकारीवरून काढलेला हिशोब आहे. मोकळ्यावर पाकोळी पतंग, भुंगेरे, तुडतुडे, मिळेल ते खाते.

पेटीत खरं महत्त्व फटीला. दोन फळ्यांमधलं अंतर 20 ते 25 मिमी, त्याहून रुंद नको. आतल्या बाजूला रंधा मारायचा नाही, उलट करवतीने आडव्या खाचा पाडायच्या म्हणजे नखं रुततात, आणि मागची फळी खाली 10-15 सेमी जास्त सोडायची, पाकोळी तिच्यावर उतरून वर सरकते. फणसाची जुनी फळी चालते, आतून वॉर्निश किंवा वाळवीचं औषध अजिबात नको. खाऱ्या हवेत खिळे गंजतात म्हणून स्टेनलेसचे स्क्रू. थंड देशांत पेटी काळी रंगवतात, आपल्याकडे तसं केलं तर एप्रिल-मेमध्ये आत भाजून निघतील, बाहेरून पांढरा रंगच बरा. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा पेटीची पुढची बाजू पूर्वेला, उंची किमान 3-4 मीटर, आणि शक्यतो खांबावर किंवा भिंतीवर, झाडावर मांजर नाहीतर साप चढतो.

जुन्या घरांत कौलं आणि रिपांमधल्या फटी पाकोळ्यांना आयत्या मिळायच्या, स्लॅब पडले तशा त्या गेल्या, म्हणून ही पेटी आता कोकणात खरंच हवी. वस्तीला यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. दारावर लावू नये, खाली लेंड्या पडतात. लेंड्या पाणी शिंपडून, तोंडाला फडकं बांधून गोळा कराव्या, माडाच्या आळ्यात चालतात. खाली पडलेली पाकोळी उघड्या हाताने उचलू नये, रेबीजचा धोका असतो.