ग्राहक सहकारी भांडाराचे संचालकपद

ग्राहक सहकारी भांडाराचे संचालकपद : धान्य, किराणा व घरोघरी लागणारा इतर माल सभासदांच्याच मालकीच्या दुकानातून पुरवणाऱ्या सहकारी संस्थेचा कारभार पाहण्यासाठी सभासदांनी आपल्यातून निवडून दिलेल्या व्यक्तीचे पद. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात अशा निवडून आलेल्या मंडळाला ‘समिती’ म्हटले आहे. व्यवहारात संचालक मंडळ, व्यवस्थापक मंडळ व लहान गावांतून पंचकमिटी ही नावे रूढ आहेत. साखर कारखाना किंवा दूध संघ यांचा संचालक माल विकणाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, तर भांडाराचा संचालक विकत घेणाऱ्यांचा. ज्या डाळीचा भाव तो सभेत ठरवतो, तीच डाळ त्याच्या घरी शिजते. या पदाचे सारे वैशिष्ट्य आणि बऱ्याचशा अडचणी याच एका गोष्टीतून निघतात.

उगमाचा प्रश्न : हे पद प्रथम कोठे निर्माण झाले याविषयी एकमत नाही. इंग्लंडमधील रॉचडेलचे नाव घेण्याचा प्रघात आहे. लँकाशर परगण्यातील या गिरणगावातील विणकर व इतर कारागिरांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या रस्त्यावर दुकान उघडले. लोणी, साखर, गव्हाचे पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल तेथे होता. २८ सभासद आणि २८ पौंड भांडवल हे आकडे परंपरेने सांगितले जातात. मूळ सभासदांची यादी मागाहून जुळवली गेल्यामुळे २८ या आकड्याविषयी अभ्यासकांनी शंका घेतली आहे. भांडवलाचा आकडा मात्र साधारणपणे मान्य आहे.

स्कॉटलंडमधील अभ्यासक फेनिक या खेड्यातील विणकरांकडे अग्रमान देतात. त्यांचा करारनामा १४ मार्च १७६१ चा असून १७६९ पासून ते ओटचे पीठ घाऊक भावाने घेऊन सभासदांना देऊ लागले. त्याच सुमारास, बहुधा १७६० च्या आसपास, इंग्लंडमधील वुलिच व चॅटम येथील गोदी कामगारांनी स्वतःच्या पिठाच्या गिरण्या चालवल्या होत्या. खरेदीच्या प्रमाणात नफा वाटण्याची पद्धत तर स्कॉटलंडमधील लेनॉक्सटाउन येथे १८१२ पासून होती, असाही दावा केला जातो. तेव्हा ‘पहिले सहकारी दुकान’ हा मान रॉचडेलकडे राहत नाही, हे मान्य करावे लागते.

तथापि प्रस्तुत नोंदीचा विषय दुकान नसून दुकानाचे संचालकपद हा आहे. फेनिकच्या विणकरांची संस्था मुळात धंद्यातील सचोटी, मजुरी आणि सामाईक पेटीतील पैसा यांसाठी होती; पिठाचा व्यवहार तिला मागाहून जोडला गेला. रॉचडेलच्या १८४४ च्या नियमांत मात्र कारभारी मंडळाची रचनाच लिहून ठेवलेली आढळते : अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस, तीन विश्वस्त आणि पाच संचालक, तेही सर्वसाधारण सभेने निवडलेले. रोखीचा व्यवहार, चोख वजन, माणशी एक मत आणि सभेपुढे ठेवलेले हिशेब यांची सांगड येथेच नीट बसली. म्हणून पदाचा उगम रॉचडेलला मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

भारतातील आरंभाबाबतही असाच घोळ आहे. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी १८८९ मध्ये बडोद्यात स्थापलेली ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ ही या देशातील सहकाराची पहिली पायरी म्हणून मराठी लेखनात आवर्जून सांगितली जाते. ते योग्यच आहे. परंतु ती पतपुरवठ्याची मंडळी होती. ग्राहकांचे पहिले भांडार म्हणून सामान्यतः मद्रासमधील ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटीचा उल्लेख होतो. तिची स्थापना १९०४ ची मानतात. त्याच वर्षीचा कायदा केवळ पतसंस्था डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. पतपुरवठ्याखेरीज इतर हेतूंसाठी संस्था काढण्यास स्पष्ट मुभा मिळाली ती १९१२ च्या कायद्याने. आपल्या भांडारांच्या नियमांवर पतसंस्थांची छाप दीर्घकाळ राहिली, याचे एक कारण या क्रमात असावे. भाग (शेअर), कर्जमर्यादा, थकबाकी यांविषयी उपविधींत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत, कलमांमागून कलमे येतात आणि माल, वजन व प्रत यांविषयी दोन-तीन ओळींत आटोपले जाते.

महाराष्ट्रातील वाटचाल : मुंबई प्रांताचा स्वतंत्र सहकार कायदा १९२५ चा. भांडारांना खरा जोर आला तो दुसऱ्या महायुद्धातील टंचाईमुळे आणि १९४३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रेशनिंगमुळे. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ मध्ये सुरू झालेली व पुढे ‘अपना बाजार’ या नावाने घराघरांत पोचलेली संस्था ही या परंपरेतील सर्वांत परिचित. चिनी आक्रमणानंतर, १९६२ च्या अखेरीस केंद्र सरकारने योजना आखून ५०,००० हून अधिक वस्तीच्या शहरांत मध्यवर्ती व प्राथमिक भांडारे उभारण्यास साहाय्य दिले. ग्रामीण भागात तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने वारणानगर येथे उभा राहिलेला ‘वारणा बाजार’ हे ठळक उदाहरण होय. सरकारी भागभांडवलाबरोबर शासननियुक्त संचालकही आले. दिल्लीचा ‘सुपर बाजार’ (१९६६) बव्हंशी सरकारी भांडवलावर व सरकारने नेमलेल्या मंडळावर चालला आणि २००२ मध्ये अवसायनात (देणी-घेणी मिटवून संस्था बंद करण्याच्या प्रक्रियेत) निघाला. सभासदांनी न निवडलेला संचालक सभासदांना जबाब देत नाही, हे त्यावरून दिसते.

कायद्यातील स्थान : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार संस्थेची अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेची (कलम ७२) आणि कारभार समितीचा (कलम ७३). भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्याने २०१३ मध्ये कायद्यात मोठे बदल केले. समितीची कमाल संख्या २१ व मुदत पाच वर्षे ठरली, महिलांसाठी दोन आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व विमुक्त जाती-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी प्रत्येकी एक जागा राखीव राहिली आणि निवडणुका सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे गेल्या. वरील घटनादुरुस्तीचा सहकारी संस्थांविषयीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी बहुराज्यीय संस्था वगळता अवैध ठरवला. तथापि राज्याचा कायदा विधिमंडळाने स्वतः केलेला असल्याने त्यातील तरतुदी त्या निकालाने आपोआप रद्द होत नाहीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘क्रियाशील सभासद’ (सभांना हजर राहणारा व संस्थेच्या सेवा किमान प्रमाणात घेणारा) ही २०१३ ची संकल्पना मात्र पुढे वारंवार फेरफारात सापडली.

भांडाराच्या दृष्टीने दोन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली नफ्याची. निव्वळ नफ्यापैकी किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि भागांवरील लाभांश साधारणपणे १५ टक्क्यांहून जास्त देता येत नाही. म्हणजे एक हजार रुपयांचे भाग असलेल्या सभासदाला वर्षाकाठी फार तर दीडशे रुपये मिळतील. त्याचा खरा लाभ वर्षभराच्या खरेदीत आहे : योग्य भाव, पुरे वजन, भेसळ नसलेला माल. दुसरी तरतूद हितसंबंधांची. संस्थेशी झालेल्या करारात ज्याचा स्वार्थ गुंतला आहे त्याला समितीवर राहता येत नाही. स्वतःचे किराणा दुकान असणाऱ्यास संचालक होण्यास मनाई करणारे कलमही बहुतेक भांडारांच्या उपविधींत असते. या कलमावरून वाद होतात, कारण धान्याची पारख असलेली माणसे पुष्कळदा व्यापारी घरातलीच असतात. पारख गमावून निःस्पृहता राखावी का, हा प्रश्न निवडणुकीत दरवेळी उभा राहतो. तज्ज्ञ संचालक स्वीकृत करण्याची कायद्यातील सोय येथे उपयोगी पडते. ती वापरली मात्र क्वचितच जाते.

प्रत्यक्ष काम : मासिक सभेची विषयपत्रिका सर्वांना पाठ असते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, नवीन सभासद, पत्रव्यवहार आणि शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. संचालकाची कसोटी मात्र सभेबाहेर, गोदामात लागते.

तूरडाळीचे ५० किलोचे एक पोते घ्या. ते फोडून एक-एक किलोच्या पिशव्या भरायच्या आहेत. घाईत भरणाऱ्याच्या हातून प्रत्येक पिशवीत पाच ग्रॅम जास्त गेले, तर पन्नास पिशव्यांमागे २५० ग्रॅम डाळ जाते. म्हणजे अर्धा टक्का. त्यात पोत्याच्या तळाशी राहिलेला चुरा, उंदराने कुरतडलेला कोपरा आणि बारदानाचे वजन धरले, की पन्नास पिशव्या भरत नाहीत. किराण्यात सुटणारा नफा आधीच अल्प असल्याने हा अर्धा टक्का भांडाराला जड जातो. वर्षाअखेरीस ३१ मार्चला मालमोजणी होते, तेव्हा पुस्तकी शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक यांतील फरक ‘घट’ म्हणून मांडला जातो. किती घट माफ करायची याचे प्रमाण मंडळ ठरवते. हे प्रमाण सैल ठेवले की चोरीही त्यातच मुरते, आणि फार आवळले की नोकर सभासदाच्या पिशवीत माप मारून ते भरून काढतो. जाणता संचालक म्हणून मोजणीला स्वतः हजर राहतो, वरच्या थरातली पोती हलवायला सांगून मागच्या रांगेतली मोजतो, तांदळात सळई खुपसून नमुना तळहातावर घेतो, पोरकिडे दिसतात का ते पाहतो आणि काट्यावर प्रमाणित वजन ठेवून काटा तपासतो. ही कामे सांगायला किरकोळ आहेत. ज्या भांडारांत संचालकांनी ती आपली मानली, त्यांच्यावरच सभासदांचा विश्वास टिकला, असे म्हणावेसे वाटते.

खरेदी हा दुसरा नाजूक भाग. घाऊक बाजारात भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो. दरपत्रके मागवून उपसमितीची सभा भरेपर्यंत माल हातचा जातो. व्यवस्थापकाला मोकळीक द्यावी तर दलालीची शंका येते, न द्यावी तर महाग माल पदरात पडतो. रकमेची मर्यादा घालून व्यवस्थापकाला अधिकार द्यायचा, हमाली-तोलाईसह पडलेला भाव लगेच नोंदवायचा आणि पुढील सभेत त्या दिवशीच्या बाजारभावाशी ताडून पाहायचा, हा मध्यममार्ग रुळलेला दिसतो.

उधारीबाबत रॉचडेलकरांचा रोखीचा नियम आपल्याकडे कागदावर कायम राहिला. नोकरदारांच्या संस्थांत पगारातून कपात करून घेता येते. इतरत्र उधारी साचते. ती मागायला संचालकाला शेजाऱ्याच्याच दारी जावे लागते, आणि पुढल्या निवडणुकीत त्याच शेजाऱ्याचे मत हवे असते.

दायित्व : संचालकपद बहुधा मानद असते, सभाभत्ता व प्रवासखर्च एवढेच मिळते. जबाबदारी मात्र पुरी असते. लेखापरीक्षणात दाखवलेल्या त्रुटींवर दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि संस्थेचे नुकसान झाल्याचे चौकशीत ठरल्यास कलम ८८ खाली ते संबंधितांकडून वसूल होऊ शकते. ठरावाला विरोध असेल तर तो इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्यावा, अशी शिकवण जुने कार्यकर्ते नव्या संचालकाला देत आले. गप्प राहणे म्हणजे संमती, हे पुष्कळांना चौकशीची नोटीस हाती पडल्यावर कळते.

महिला संचालक : घरचा किराणा भरणारी व्यक्ती बहुतेक घरांत स्त्री; भागपत्रावर नाव मात्र पुरुषाचे. महागाईविरुद्ध १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत लाटणे मोर्चे निघाले, तेव्हा तेल-साखरेच्या भावाचे बारीकसारीक ज्ञान कोणाकडे आहे हे साऱ्यांना दिसले. राखीव जागांमुळे स्त्रिया मंडळावर आल्या. खरेदी उपसमितीत त्यांना घेणे हे त्यापुढचे पाऊल होय.

संलग्न रूपे : गोव्यात फोंडा येथील गोवा बागायतदार सहकारी खरेदी-विक्री संस्था ही सुपारी-नारळाच्या उत्पादकांची, तरी तिची दुकाने सर्वसामान्य ग्राहकाची आहेत. तेथे संचालक निवडतो बागायतदार आणि रांगेत उभा राहतो ग्राहक. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरणव्यवस्थेत दुकानच नाही : शेजारची काही कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची यादी एकत्र नोंदवतात आणि आलेला माल स्वतः वाटून घेतात. ती भांडारांसारखी सहकारी संस्था नसली, तरी संचालकाचे मोजणी-पारखणीचे काम तेथे आळीपाळीने घराघरांवर पडते. टोकियोच्या सेतागाया भागात १९६५ मध्ये एकत्र दूध घेण्यातून उभ्या राहिलेल्या सेइकात्सु क्लबचे ‘हान’ हे शेजारगट याच जातीचे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील पार्क स्लोप फूड को-ऑप (१९७३) याने आणखी निराळी वाट काढली. तेथे सभासद दुकानात पाळीने काम करतात, निर्णय त्यांच्या सर्वसाधारण सभेत मतदानाला येतात आणि कायद्याने संचालक मंडळ असणे भागच असल्यामुळे संचालक त्याच सभेच्या शेवटी सभासदांचा कौल स्वीकारण्याबाबत आपले मत देतात.