वजन उचललं की धमनीत काय घडतं?

आमच्या सोसायटीतले एक काका रोज पहाटे पाऊण तास चालतात. परवा मात्र पाच किलो पिठाची पिशवी त्यांनी नातवाकडे दिलेली दिसली. "शुगर आहे ना, वजन उचललं की नसांवर ताण येतो," म्हणाले. हा समज घरोघरी आहे आणि त्यापायी माणसं एका चांगल्या उपायाला मुकतात.

मधुमेह हृदय, मूत्रपिंडं, डोळ्यांचा पडदा बिघडवतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांमार्फत. धमनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं की सशाच्या महाधमनीच्या पट्टीवर असेटिलकोलिन हे मज्जातंतूंचं रसायन टाकलं की ती सैलावते, पण अस्तर घासलं गेलेलं असेल तर तीच पट्टी उलट आकसते. म्हणजे 'सैल हो' हा निरोप अस्तरच धाडत होतं! निरोप्या निघाला नायट्रिक ऑक्साइड हा वायू. त्या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं.

वाहतं रक्त अस्तराला घासत जातं, ते या पेशींना कळतं. प्रवाह वाढला की त्यांच्यातलं एक विकर (एन्झाइम) आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. तो शेजारच्या स्नायूपेशीत झिरपतो, तिथे सायक्लिक जीएमपी हा निरोप पुढे नेणारा रेणू वाढतो, कॅल्शियम घटतं आणि धमनी रुंदावते. हा वायू काही सेकंदांतच संपतो, त्यामुळे तो सतत ताजा बनावा लागतो. रक्तात साखर चढलेली राहिली की पेशीत सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं उपद्रवी रूप वाढतं आणि ते या वायूला वाटेतच गाठून त्याचं पेरॉक्सिनायट्राइट हे घातक संयुग करून टाकतं. विकराचा मदतनीस टेट्राहायड्रोबायोप्टेरिनही त्यात खराब होतो, मग विकर स्वतःच सुपरऑक्साइड बनवू लागतं. कुंपणच शेत खातं.

आता खुर्चीतून उठा. मांडीचा स्नायू आवळला की आतल्या वाहिन्या दाबल्या जातात, सैल सोडला की रक्ताचा लोंढा येतो. दहा उठबशा म्हणजे दहा लोंढे, अस्तराला दहा हाका. शिवाय आवळणारा स्नायू ग्लुट-४ ही साखरेची दारं इन्सुलिनची वाट न पाहता उघडतो.

आपल्याकडे स्नायूंचं मोल जास्तच आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३ होता, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! त्याच वजनात चरबी जास्त म्हणजे स्नायू कमी, तेव्हा बारीक दिसणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये.

चालणं सोडायचं नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका चाचणीत चालणं-सायकलिंग आणि वजनं असं दोन्ही करणाऱ्यांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप) सर्वांत जास्त उतरलं. 'नसा मोकळ्या करणारे' काढे आणि जिममधल्या नायट्रिक ऑक्साइडच्या पावडरी यांच्यावर मात्र पैसे घालवू नका. डोळ्यांच्या पडद्याला इजा असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर उतरण्याकडे लक्ष ठेवावं. आणि जोर लावताना श्वास कोंडू नका, कारण त्याने रक्तदाब एकदम उसळतो.

काकांना मी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं. हात छातीशी, उठताना श्वास सोडायचा, बसताना सावकाश. सातव्या वेळी त्यांनी हात टेकवले. "मांड्या भरून आल्या," म्हणाले. एक दिवस सोडून पुन्हा, असं ठरलंय.