महिला क्रिकेट पंच (मुंबई)

क्रिकेट सामन्यात मैदानावर उभे राहून नियमांनुसार निर्णय देणारी स्त्री. मुंबईपुरते बोलायचे तर या क्षेत्रातले सर्वांत ठळक नाव नवी मुंबईच्या वृंदा राठी यांचे. मुंबई विद्यापीठाकडून त्या मध्यमगती गोलंदाजी करत. पुढे गुणलेखनाकडे, म्हणजे सामन्याच्या धावा-बळींची नोंद ठेवण्याकडे वळल्या. २०१३ च्या महिला विश्वचषकाचे सामने मुंबईत झाले, तेव्हा न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांना भेटून त्यांनी पंचगिरीचे मनावर घेतले.

गुणलेखन ही पंचगिरीची उत्तम पूर्वतयारी आहे आणि तिला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळत नाही. वाइड, लेगबाय, चौकार अशा प्रत्येक इशाऱ्याला गुणलेखकाने हात वर करून पोच द्यायची असते. वर्षानुवर्षे हे केले की खेळाचा हिशेब अंगवळणी पडतो.

प्रत्यक्ष काम डोळ्यांचे आणि पायांचे. गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेच्या आत पडला का, हे पाहून त्याच क्षणी नजर वर उचलायची. चेंडूचा टप्पा कुठे, पॅडला कुठे लागला, यष्ट्यांवर जात होता का आणि त्याआधी बॅटची कड घेतली का, हे ठरवायचे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत नो-बॉल आता मैदानाबाहेर पडद्यावर चित्रण पाहणारा तिसरा पंच बघतो. क्लबच्या सामन्यात सगळा भार मैदानावरच्या दोघांवर. त्यात आझाद मैदानावर एकाच वेळी अनेक सामने रंगतात, शेजारचा क्षेत्ररक्षक आपल्या हद्दीत उभा असतो आणि अपील नेमके कुठून आले, हेही ओळखावे लागते. १९४८ पासून पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीग या मुंबईतल्या क्लब-स्पर्धेत ओले मैदान खेळण्याजोगे आहे का, हा निर्णयही पंचांचाच. मुंबईच्या पंचांची नजर आणि संयम इथे तयार होतात.

२०२० मध्ये राठी आणि चेन्नईच्या जननी नारायणन यांची आयसीसीच्या (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या) पंचांच्या विकास पॅनेलवर निवड झाली. जानेवारी २०२३ मध्ये या दोघी आणि गायत्री वेणुगोपालन रणजी करंडकात पंच म्हणून उभ्या राहिल्या. पुरुषांच्या या स्पर्धेत तोवर एकही स्त्री मैदानी पंच नव्हती. रणजीत दिवसाला ९० षटके, म्हणजे किमान ५४० चेंडू. शेवटच्या सत्रात पाय भरून आलेले असताना पायचीतचा निर्णय सकाळइतकाच चोख द्यावा लागतो, आणि चार दिवस हेच.

डिसेंबर २०२३ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरील भारत-इंग्लंड महिला कसोटीत राठी पंच होत्या. तो सामना भारताने ३४७ धावांनी, तिसऱ्याच दिवशी जिंकला. २०२५ च्या महिला विश्वचषकात सर्व पंच आणि सामनाधिकारी स्त्रियाच होत्या. त्यांत राठी, नारायणन आणि वेणुगोपालन या तिघींचा समावेश होता.