ट्रॅक्टर-ट्रॉलीची नोंदणी आणि वजन : नागपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसाठी

कळमन्याच्या बाजारात संत्रा न्यायचा असो की जिनिंगला कापूस, ट्रॉलीत माल किती भरायचा हे फाळक्याच्या, म्हणजे बाजूच्या फळीच्या, उंचीवरून ठरवू नका. तो आकडा ट्रॉलीच्या आरसीत, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात, असतो. म्हणूनच ट्रॉलीची स्वतःची आरसी असायला हवी. ट्रॅक्टरची आरसी तिच्यासाठी चालत नाही.

शेतीची ट्रॉली ज्याच्या नावावर घ्यायची आहे, त्याने राहत्या पत्त्यानुसार आरटीओत अर्ज करावा. काटोल-नरखेडकडच्यांसाठी नागपूर ग्रामीण, म्हणजे एमएच-४०. शहरात एमएच-३१ आणि पूर्व नागपूरला एमएच-४९. अर्ज नमुना २० मध्ये असतो. सोबत विक्रेत्याचा नमुना २१ (विक्री प्रमाणपत्र), उत्पादकाचा नमुना २२ (ट्रॉली रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचे प्रमाणपत्र), विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा पॅन नसेल तर नमुना ६० जोडा. कर्ज असेल तर कर्जाची नोंद करण्यासाठी बँकेच्या सहीचा नमुना ३४ लागतो.

खरी अडचण नमुना २२ ची असते. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात ट्रॉली स्वस्तात बनते, पण मान्यता नसलेला कारागीर हा कागद देऊ शकत नाही आणि नोंदणी तिथेच अडते. पूर्ण पैसे देण्याआधी २१ आणि २२ हातात घ्या, चेसिस नंबर ट्रॉलीवर कोरलेला आहे का ते पाहा.

आता वजन. आरसीतल्या भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा केले की उरते तेवढाच माल. समजा, भरलेले ६,५०० आणि रिकामे १,५०० किलो असेल, तर माल ५,००० किलो. ओल्या रेतीची किंवा मातीची ट्रॉली काठोकाठ भरण्याआधीच ही मर्यादा ओलांडू शकते.

दोन चाकी ट्रॉलीचा काटा दोनदा करा. आधी ट्रॅक्टर काट्याबाहेर ठेवून, हूक न सोडता, फक्त ट्रॉलीच्या चाकांचे वजन घ्या. मग चाकांना गुटके लावून, ट्रॉली काट्यावरच जॅकवर टेकवून हूक सोडा आणि पूर्ण वजन घ्या. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. माल मागे गेला की हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि उतारावर ट्रॉली ढकलत येते. फार पुढे भरला तर चढावर ट्रॅक्टरचे पुढचे टायर हलके होऊन स्टेअरिंग हाताशी राहत नाही. म्हणून जड पोती खाली, ॲक्सलच्या किंचित पुढे रचा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि मर्यादेवरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. म्हणजे दोन टन जास्त असेल तर २४,०००. शिवाय जादा माल तिथेच उतरवण्याचा खर्चही तुमचाच. वजन करायला नकार दिला तर ४०,००० रुपये.

ट्रॉलीचा नंबर तिच्या बाजूला आणि ट्रॅक्टरचा नंबर तिच्या मागे रंगवून घ्या. विम्याच्या पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख आहे का, हे एजंटाला विचारा. मागे लाल रिफ्लेक्टर लावा आणि कापूस फाळक्याबाहेर फुगला असेल तर तो रिफ्लेक्टरवर आला नाही ना, हे निघण्याआधी मागे उभे राहून बघा.