वायफाय डोंगल घेताय? मग खोक्यावरचा आकडा सोडा, चिप आणि जागा बघा

जुना डेस्कटॉप अजून छान चालतोय, फक्त त्यात वायफाय नाही, म्हणून लोक ऑनलाइन सगळ्यात छोटा यूएसबी वायफाय अडॅप्टर, म्हणजेच डोंगल मागवतात, सीपीयूच्या मागे खोचतात आणि मग त्याच घरात फोनवर नेट मस्त पळत असताना कॉम्प्युटरवर मात्र व्हिडिओ अडकत बसतो. मग राउटर रिस्टार्ट होतो, नेटवाल्याला फोन जातो, प्लॅनसुद्धा वाढवला जातो. माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा गडबड राउटरमध्येही नसते आणि प्लॅनमध्येही नसते, ती असते अडॅप्टरच्या आजूबाजूच्या एक-दीड फुटात.

आधी खोक्यावरचा आकडा. एसी६०० म्हणजे ६०० एमबीपीएस मिळणार असं कुणालाही वाटेल, पण ती दोन बँडची (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या दोन पट्ट्यांची) बेरीज असते, २.४ गिगाहर्ट्झवर १५० आणि ५ गिगाहर्ट्झवर ४३३, मिळून ५८३, ते गोल करून ६००. अडॅप्टर एका वेळी एकाच बँडवर जोडलेला असतो त्यामुळे ही बेरीज प्रत्यक्षात कधीच हाताला लागत नाही. एसी१२०० चं तसंच, ३०० आणि ८६७. त्यातही ४३३ हा राउटर आणि अडॅप्टर यांच्यातला हवेतला लिंक स्पीड झाला, वायफायमध्ये एका चॅनलवर (बँडच्या एका छोट्या भागावर) एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे थांबतात, प्रत्येक पॅकेटची पोच परत यावी लागते, या सगळ्यात वेळ जातो आणि फाईल उतरवताना त्याच्या साधारण निम्मा स्पीड मिळाला तरी ते चांगलंच समजायचं. घरचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर एसी६०० पुरून उरतो, पण १५० एमबीपीएसवाला, फक्त २.४ वर चालणारा अडॅप्टर कितीही स्वस्त मिळाला तरी आता घेऊ नका.

कारण २.४ गिगाहर्ट्झवर प्रचंड गर्दी आहे. या बँडमध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनल वापरता येतात पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येकाला जागा लागते किमान २० मेगाहर्ट्झ, म्हणजे एकमेकांवर न चढणारे चॅनल राहिले तीनच, १, ६ आणि ११. बिल्डिंगमध्ये वरचे, खालचे, समोरचे असे पंधरावीस राउटर असतील तर ते सगळे या तिघांत वाटून बसलेत, त्यात ब्लूटूथ आणि वायरलेस माऊस, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये लायसन्समुक्त झाला, तिथे जागा भरपूर आहे. फक्त ५ गिगाहर्ट्झची लहर साडेपाच सेंटीमीटर लांबीच्या आसपासची, २.४ वाली साडेबारा सेंटीमीटरच्या जवळपास, आणि ५ वाली भिंतीत जास्त मार खाते, आरसीसीच्या भिंतीत तर फारच. म्हणून ड्युअल बँड घ्यायचा, राउटर त्याच किंवा शेजारच्या खोलीत असेल तर ५ वर जोडायचा आणि दोन-तीन भिंती मध्ये असतील तर २.४ वर.

अँटेनाला लहरीच्या लांबीच्या प्रमाणात लांबी लागते. २.४ साठी पाव लहर म्हणजे सुमारे ३ सेंटीमीटर, आणि नखाएवढ्या डोंगलमध्ये तेवढी सरळ जागाच नसते, त्यामुळे अँटेना छोट्या सर्किट बोर्डावर वळवून वळवून बसवतात आणि ती कमजोर पडते. लॅपटॉपला सारखं बाहेर काढावं लागू नये म्हणून नॅनो डोंगल ठीक आहे, डेस्कटॉपला जागेची अडचण नसते, तिथे बाहेर अँटेना असलेलाच घ्यावा, दिसायला बेढब असला तरी.

पण अँटेना कितीही मोठी असली तरी ती सीपीयूच्या मागे लावली तर काय होतं बघा. कॅबिनेट पत्र्याचं, टेबल भिंतीला टेकवलेलं, अडॅप्टर पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत, आणि राउटर पुढच्या बाजूला हॉलमध्ये. पत्रा रेडिओ लहर अडवतो, त्यामुळे जे काही पोचतं ते भिंतींवर आपटून वळसे घेऊन आलेलं. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात, आकडा उणे असतो, उणे ४० म्हणजे फर्स्टक्लास, उणे ६५ पर्यंत काम छान चालतं, उणे ८० ला लिंक तुटायला लागते. आणि इथे दर १० ला ताकद दहापट बदलते, म्हणजे उणे ५० आणि उणे ८० यात फरक हजारपटींचा आहे.

आता मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटणारा भाग. बऱ्याच कॉम्प्युटरला निळ्या रंगाचे यूएसबी ३.० पोर्ट असतात आणि जास्त फास्ट म्हणून आपण अडॅप्टर तिथेच लावतो. यूएसबी ३.० वर डेटा ५ गिगाबिट प्रति सेकंदाने धावतो आणि असा सिग्नल एकाच फ्रिक्वेन्सीवर राहत नाही, त्याची ऊर्जा शून्यापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरते, म्हणजे २.४ चा अख्खा वायफाय बँड त्याच्या मधोमध येतो. पोर्ट, केबल, कनेक्टर यांच्या फटींतून त्यातलं थोडंसं बाहेर गळतं. थोडंसंच, पण अडॅप्टरची अँटेना त्या पोर्टपासून दोन सेंटीमीटरवर आहे आणि राउटर दहा मीटरवर! इंटेलने २०१२ मध्ये यावर एक पेपर काढला होता, त्यात यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ च्या बँडमधला नॉइज (नको असलेला रेडिओ गोंगाट) जवळपास २० डेसिबलने वाढलेला दिसतो, २० डेसिबल म्हणजे शंभरपट. लग्नाच्या हॉलमध्ये शेजारी बँड वाजायला लागला की समोरचा तेवढ्याच आवाजात बोलत असूनही ऐकू येत नाही, तसं हे आहे. सिग्नलच्या कांड्या फुल दिसतात कारण सिग्नल खरंच कमी झालेला नसतो, नॉइज वाढलेला असतो, आणि म्हणूनच माणूस गोंधळतो. पेन ड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी चालू असतानाच वायरलेस माऊस अडखळतो किंवा नेट मंदावतं, असं होत असेल तर संशय इथेच घ्यायचा.

याला उपाय साधा आणि स्वस्त आहे, एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल. अडॅप्टर तिच्या टोकाला लावून टेबलावर, मॉनिटरच्या वर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, राउटरकडे मोकळी बाजू मिळेल असा. एकाच केबलने पत्रा, भिंतीची फट आणि पोर्टचा नॉइज तिन्ही सुटतात. केबल यूएसबी २.० ची चालते, ३.० चा अडॅप्टर तिच्यावर २.० म्हणून चालेल, कागदावर ४८० एमबीपीएस, १०० किंवा २०० च्या प्लॅनला काहीच कमी पडत नाही. फार लांब केबल मात्र नको, आणि स्वतःची पॉवर नसलेल्या हबवर अडॅप्टर लावू नका, यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, हबवर तेवढ्यात सगळ्यांची वाटणी होते आणि मोठी फाईल पाठवताना अडॅप्टर मध्येच गायब होतो.

चिपबद्दल, विशेषतः लिनक्सवाल्यांसाठी. अडॅप्टरच्या वरचं नाव आणि आतली चिप हे दोन वेगळे विषय आहेत. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे गाजलेलं उदाहरण, व्हर्जन १ मध्ये अथेरॉसची एआर९२७१ होती जी लिनक्सवर लावली की लगेच चालते, व्हर्जन २ मध्ये त्याच नावाखाली रियलटेकची चिप आली आणि जुने रिव्ह्यू वाचून घेणारे फसले. म्हणून मॉडेल नंबरबरोबर व्हर्जनही बघा. आज लिनक्ससाठी घ्यायचा तर मीडियाटेकची एमटी७६१२यू किंवा वायफाय ६ हवं असेल तर एमटी७९२१एयू, दोन्हींचे ड्रायव्हर (अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर) कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहेत. रियलटेकच्या बऱ्याच यूएसबी चिपना पूर्वी बाहेरचा ड्रायव्हर कंपाईल करावा लागायचा आणि कर्नल अपडेट झाला की तो तुटायचा, ६.२ कर्नलपासून परिस्थिती सुधारत गेली. आत काय आहे ते लिनक्सवर एलएसयूएसबी (lsusb) या कमांडने आणि विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमधल्या हार्डवेअर आयडीवरून कळतं.

सेटअपमधली पहिली अडचण म्हणजे ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटसाठी ड्रायव्हर पाहिजे. खोक्यातली छोटी सीडी कुठे घालणार, ड्राइव्हच नाही. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, फोनचं नेट पीसीला मिळतं आणि ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून नाहीतर विंडोज अपडेटमधून येतो. काही अडॅप्टर लावल्यावर वायफाय दिसतच नाही, एक सीडी ड्राइव्ह दिसते, घाबरू नका, त्यातच विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो आणि तो इन्स्टॉल झाला की तोच अडॅप्टर आपलं रूप बदलतो. लिनक्सवर तो सीडी बनूनच बसला तर ती सीडी इजेक्ट करा किंवा यूएसबी मोडस्विच हे टूल वापरा.

जोडल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा, बँड, चॅनल आणि लिंक स्पीड तिथे लिहिलेला असतो. राउटर शेजारीच असून बँड २.४ दिसला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये प्रेफर्ड बँड असतो का बघा, तो ५ करा. फोनला घरचं वायफाय दिसतंय पण अडॅप्टरला ते यादीतच दिसत नाही असं झालं तर राउटर चॅनल १२ किंवा १३ वर गेलाय का तपासा, अमेरिकेसाठी सेट केलेले अडॅप्टर ११ च्या पुढे बघतच नाहीत, राउटर १, ६ किंवा ११ वर आणला की काम झालं. आणि थोडा वेळ कॉम्प्युटर नुसता ठेवला की नेट जातं अशी तक्रार असेल तर त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅबवर जाऊन, वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची परवानगी देणारी टिक काढून टाका.