हृदयाला उसना पंप: कोणाला आणि केव्हा?

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाची अँजिओप्लास्टी होते, बंद झालेली रक्तवाहिनी उघडते, स्टेंट बसतो आणि तरीही तासाभराने डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात, ‘बीपी धरत नाही, बलून टाकावा लागेल, सही करा.’ पुण्यातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या हृदयरोग अतिदक्षता विभागाबाहेर हा संवाद अनोळखी नाही. या अवस्थेला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. झटका आलेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांना तो गाठतो आणि उत्तम उपचार मिळूनही त्यांतील जवळपास निम्मे दगावतात.

स्नायूचा मोठा भाग निकामी झाल्याने हृदयाचा डावा कप्पा पुरेसे रक्त पुढे ढकलू शकत नाही. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, रक्तातील लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडत असल्याची खूण) वाढते. रक्तदाब घटला की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांनाही रक्त कमी मिळते आणि दुबळे हृदय आणखी दुबळे होते. नॉरॲड्रेनलिनसारखी औषधे रक्तदाब वर आणतात खरी, पण त्यासाठी थकलेल्या स्नायूलाच जास्त राबवतात. म्हणूनच काही दिवस बाहेरून पंपाची मदत द्यावी, ही कल्पना पुढे आली.

बलून हे त्यातले सर्वांत जुने साधन. १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी ते प्रथम रुग्णावर वापरले. मांडीच्या धमनीतून महाधमनीत सरकवलेला हा लांबट फुगा हृदय सैल पडताना हेलियमने फुगतो आणि आकुंचनाच्या क्षणी रिकामा होतो. हेलियम हलका असल्याने नळीतून झटकन आत-बाहेर जातो. फुगताना तो रक्त हृदयाच्या धमन्यांकडे ढकलतो आणि रिकामा होताना हृदयाचा भार हलका करतो. ही युक्ती इतकी पटणारी होती, की कित्येक दशके ती फारशा पुराव्याविना वापरली गेली. २०१२ मध्ये जर्मनीतील ६०० रुग्णांवरील चाचणीने मात्र धक्का दिला: तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण बलून लावलेल्यांत ३९.७ टक्के, न लावलेल्यांत ४१.३ टक्के, म्हणजे फरक नगण्य.

मग जास्त ताकदीचे यंत्र लावावे, असे कोणालाही वाटेल. एक्मो तर शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळून ते परत धमनीत सोडते आणि हृदय व फुप्फुस दोघांचेही काम अंगावर घेते. तरीही २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटक्यानंतरच्या शॉकमध्ये सरसकट एक्मो लावून मृत्यू कमी झाले नाहीत. रक्तस्राव मात्र दुपटीहून अधिक झाला. शिवाय एक्मोचे रक्त महाधमनीत उलट दिशेने येते आणि डाव्या कप्प्याला त्या दाबाविरुद्ध झगडावे लागते, ही त्याची मूळचीच अडचण आहे.

इम्पेलाची रचना याच्या उलट आहे. बोटापेक्षाही बारीक नळीवरचा हा पंप मांडीतून थेट डाव्या कप्प्यात पोहोचतो, मिनिटाला चाळीस हजारांहून अधिक फेरे घेत तिथले रक्त शोषतो आणि महाधमनीत सोडतो. त्यामुळे कप्प्यावरचा ताणही उतरतो. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. १८० दिवसांत पंप मिळालेल्यांपैकी ४५.८ टक्के, तर इतरांपैकी ५८.५ टक्के रुग्ण दगावले. आठ जणांना पंप बसवावा तेव्हा एक जास्तीचा जीव वाचतो, असा त्याचा ढोबळ अर्थ. या आकड्याने हुरळून जाण्यापूर्वी दुसरी बाजूही पाहायला हवी: पंप लावलेल्यांत रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा खुंटणे आणि डायलिसिसची गरज हे सारे अधिक होते.

माझ्या मते या चाचणीतला खरा धडा रुग्णनिवडीत आहे. मोठी धमनी पूर्ण बंद होऊन आलेला विशिष्ट प्रकारचा झटका असलेले रुग्णच तीत घेतले होते. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडून बेशुद्धावस्थेत राहिलेले वगळले होते. या निकषांत बसणारे रुग्ण शोधायला चाचणीला दहा वर्षे लागली. मेंदूला आधीच गंभीर इजा झालेल्या रुग्णाला हा निष्कर्ष लागू होत नाही आणि एकदाच वापरता येणाऱ्या या पंपाची किंमत काही लाखांत असताना हे नातेवाइकांना स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. बंद धमनी लवकर उघडणे हा पाया तर कोणत्याही यंत्राने बदलत नाही. भोर किंवा जुन्नरहून निघालेल्या रुग्णाच्या बाबतीत अँजिओप्लास्टीची सोय असलेले रुग्णालय गाठण्यातला वेळच आधी मोजावा लागतो.

पंप बसला, की रोज त्याची गती थोडी उतरवून हृदय स्वतः किती भार पेलते, ते इकोवर पाहिले जाते. काही दिवसांत ते सावरले, तर पंप काढतात. नाहीच सावरले, तर कायमस्वरूपी पंप किंवा हृदय प्रत्यारोपण, हा विषय निघतो आणि प्रत्यारोपणासाठी रुग्णाचे नाव पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीत घालावे लागते.